योगायोगाचे माप

कोलकात्याच्या उत्तर भागात, हुगळी नदीच्या काठी, बागबाजार नावाची जुनी पेठ आहे. तेथील एका गल्लीच्या नावापाशी मराठी प्रवासी क्षणभर थबकतो. ते नाव आहे ‘मराठा डिच लेन’, म्हणजे मराठा खंदकाची गल्ली. १७४२ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सैन्य भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालमध्ये शिरले. बंगाली लोकांनी या घोडेस्वारांना ‘बर्गी’ असे नाव दिले. ‘बारगीर’ या मराठी शब्दाचेच हे बंगाली रूप. त्यांच्या धास्तीने कोलकात्याच्या रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. उत्तरेस बागबाजारापासून निघून शहराला वळसा घालणारा हा खंदक सात मैल लांबीचा व्हावयाचा होता. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल काम झाले. मराठे कोलकात्यावर चालून आले नाहीत आणि काम तेथेच थांबले. पुढे १७९९ साली खंदकाचा बराचसा भाग बुजवून त्यावरून रस्ता नेण्यात आला.

जे संकट आलेच नाही त्यासाठी केलेला हा खर्च वाया गेला असे म्हणावे काय? हा प्रश्न संभाव्यतेच्या अभ्यासाच्या अगदी दाराशीच उभा आहे. एखादी घटना घडण्याची संभाव्यता ही ती घडण्यापूर्वी, हाती असलेल्या माहितीच्या आधारे ठरवावयाची असते. घटना घडली नाही एवढ्यावरून ती संभवनीय नव्हती असे ठरत नाही. ढग दाटून आले असता छत्री घेऊन निघालेला मनुष्य पाऊस न पडल्यास मूर्ख ठरत नाही, तसेच हे आहे.

या खंदकाच्या कथेत आणखी एक नियम दडलेला आहे. चौदा वर्षांनी, जून १७५६ मध्ये, कोलकात्यावर खरोखरच हल्ला झाला; पण तो मराठ्यांचा नव्हे, बंगालचा नवाब सिराजुद्दौला याचा. त्याच्या सैन्याने पहिला प्रयत्न बागबाजारकडील टोकावरच केला व तेथे त्याला माघार घ्यावी लागली. मग ते पूर्वेकडून शहरात शिरले आणि २० जूनला किल्ला पडला. खंदक खणणाऱ्यांनी ‘मराठे येतील काय’ एवढेच विचारले होते. ‘मराठे किंवा अन्य कोणी शत्रू येईल काय’ हा प्रश्न त्याहून व्यापक आहे, आणि व्यापक घटनेची संभाव्यता तिच्या पोटातील घटनेच्या संभाव्यतेहून कधीही कमी असू शकत नाही. हा नियम इतका उघड वाटतो की तो सांगावयाची गरजच काय, असे वाचकाला वाटेल. तरीही व्यवहारात तो वारंवार मोडला जातो. एखाद्या धोक्याला नाव, चेहरा आणि घोडा मिळाला की तो बिननावाच्या सर्व धोक्यांच्या बेरजेपेक्षाही मोठा भासू लागतो.

दीडशे वर्षांनंतर याच शहराला घोडेस्वारांचे भय उरले नव्हते. भय होते ते पटकीचे, आणि १८९८ पासून प्लेगचेही. १८९९ साली बागबाजारात राहणाऱ्या भगिनी निवेदितांनी रामकृष्ण मिशनच्या वतीने तेथील गल्ल्या आणि वस्त्या साफ करण्याचे काम अंगावर घेतले होते. संभाव्यतेचे प्राथमिक नियम समजून घेण्यासाठी मात्र त्याच्या पाच वर्षे आधीची, याच शहरातील एक लहानशी घटना अधिक उपयोगी पडते. कारण तिच्यातील आकडे नोंदलेले आहेत आणि ते पाटीवर मावतील इतके लहान आहेत.

वाल्देमार हाफकिन हा ओडेसा येथे जन्मलेला जीवाणुशास्त्रज्ञ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करीत असे. पटकीची लस त्याने १८९२ च्या जुलैमध्ये प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली आणि १८९३ साली तो भारतात आला. मार्च १८९४ च्या अखेरीस कोलकात्यातील कांठालबागान, म्हणजे फणसबाग, या वस्तीत पटकी उद्भवली. दोन तळ्यांभोवती वसलेली सुमारे २०० माणसांची ही वस्ती होती. पटकीचे जंतू तळ्याच्या पाण्यात सापडतात हे रॉबर्ट कॉख याने दहा वर्षांपूर्वी कोलकात्यातच दाखवून दिले होते. दोन माणसे दगावल्यावर वस्तीतील ११६ जणांनी लस टोचून घेतली; उरलेल्यांनी घेतली नाही. त्यानंतर आणखी दहा जण आजारी पडले व त्यांतील सात मरण पावले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकी होते. लस घेतलेल्यांपैकी एकालाही बाधा झाली नाही.

लस गुणकारी ठरली असे कोणीही म्हणेल. परंतु संशय घेणारा विचारील की हा निव्वळ योगायोग कशावरून नव्हे? ‘नव्हे’ असे ठणकावून सांगणे म्हणजे उत्तर नव्हे. योगायोगाने असे घडणे किती दुर्मिळ आहे हे मोजता आले पाहिजे, आणि त्यासाठीच पुढील नियम लागतात.

समजा, वस्तीतील प्रत्येकाचे नाव एकेका चिठ्ठीवर लिहून दोनशे चिठ्ठ्या एका मडक्यात टाकल्या आणि नीट ढवळून त्यांतील एक काढली. कोणतीही चिठ्ठी हाती येण्याचा संभव सारखाच आहे. अशा वेळी एखाद्या घटनेची संभाव्यता म्हणजे त्या घटनेला अनुकूल चिठ्ठ्यांची संख्या भागिले एकूण चिठ्ठ्यांची संख्या. लस घेतलेल्याचे नाव निघण्याची संभाव्यता ११६ भागिले २००, म्हणजे ०.५८. संभाव्यता ० ते १ यांच्या दरम्यानच असते. जे घडूच शकत नाही त्याची शून्य, जे घडलेच पाहिजे त्याची एक. चिठ्ठी एक तर लस घेतलेल्याची असेल किंवा न घेतलेल्याची. तिसरा प्रकार नाही. म्हणून लस न घेतलेल्याचे नाव निघण्याची संभाव्यता १ − ०.५८ = ०.४२. अशा जोडीला परस्परपूरक घटना म्हणतात. ‘निदान एकदा’ असे शब्द ज्या प्रश्नात येतात तेथे हा पूरक घटनेचा नियम फार श्रम वाचवितो, कारण ‘एकदाही नाही’ याची संभाव्यता काढून ती एकातून वजा केली की काम होते.

आता बेरजेचा नियम. केवळ उदाहरणापुरते असे समजा की वस्तीत ६० मुले होती आणि त्यांपैकी ३० मुलांना लस टोचली होती. काढलेली चिठ्ठी मुलाची किंवा लस घेतलेल्याची असण्याची संभाव्यता किती? ६० आणि ११६ यांची बेरीज करून मोकळे होणारा विद्यार्थी लस घेतलेली ३० मुले दोनदा मोजतो. एकदा मुले म्हणून आणि एकदा लस घेतलेले म्हणून. ती एकदा वजा केली पाहिजेत. म्हणजे ६० + ११६ − ३० = १४६, आणि उत्तर १४६ भागिले २००, अर्थात ०.७३. हाच नियम थोडक्यात असा मांडता येतो :

सं(अ किंवा ब) = सं(अ) + सं(ब) − सं(अ आणि ब)

दोन घटना एकाच वेळी घडूच शकत नसतील तर त्यांना परस्परवर्जक म्हणतात. तेथे शेवटचे पद शून्य होते आणि साधी बेरीज पुरते. बेरीज करण्यापूर्वी ‘हे दोन्ही एकदम घडू शकेल काय’ असे विचारण्याची सवय लागली तर परीक्षेतील निम्म्या चुका टळतील.

सशर्त संभाव्यता ही कल्पना याहून थोडी सूक्ष्म आहे. चिठ्ठी मुलाची आहे एवढे कोणी सांगितले, नाव सांगितले नाही, तर ती लस घेतलेल्याची असण्याची संभाव्यता आता ०.५८ राहत नाही. माहिती मिळताच २०० चिठ्ठ्यांचा विचार संपला, उरल्या ६०. त्यांपैकी ३० अनुकूल आहेत, म्हणून उत्तर ०.५. भाजक बदलणे हाच सशर्त संभाव्यतेचा गाभा आहे. एका घटनेची माहिती मिळाल्याने दुसरीची संभाव्यता मुळीच बदलत नसेल तर त्या घटनांना स्वतंत्र म्हणावे. येथे ती ०.५८ वरून ०.५ झाली, म्हणून ‘मूल असणे’ आणि ‘लस घेतलेली असणे’ या स्वतंत्र घटना नव्हेत. स्वतंत्र आणि परस्परवर्जक या शब्दांची विद्यार्थी नेहमी गल्लत करतात. वास्तविक परस्परवर्जक घटना सहसा स्वतंत्र नसतातच. एक घडल्याचे कळताच दुसरी अशक्य ठरते, मग संभाव्यता बदलली नाही असे कसे म्हणावे?

दोन घटना लागोपाठ घडण्याची संभाव्यता काढावयाची तर पहिलीच्या संभाव्यतेला, पहिली घडली आहे असे धरून काढलेल्या दुसरीच्या संभाव्यतेने गुणावे. हा गुणाकाराचा नियम. आता संशय घेणाऱ्याला उत्तर देता येईल. लसीचा काहीच परिणाम नसून पटकीने वस्तीतील दहा माणसे आंधळेपणाने निवडली असे त्याच्या समाधानासाठी क्षणभर मान्य करावे. म्हणजे मडक्यातून दहा चिठ्ठ्या काढावयाच्या आणि दहाही लस न घेतलेल्या ८४ जणांपैकी निघाव्यात अशी अपेक्षा करावयाची. पहिली तशी निघण्याची संभाव्यता ८४ भागिले २००. ती निघाल्यावर मडक्यात १९९ चिठ्ठ्या उरल्या व त्यांत अनुकूल ८३. म्हणून दुसरीसाठी ८३ भागिले १९९. याप्रमाणे दहाव्या चिठ्ठीसाठी ७५ भागिले १९१. हे दहा अपूर्णांक एकमेकांशी गुणले असता ०.०००१२३ एवढे उत्तर येते. म्हणजे सुमारे ८,१०० वेळांत एकदा. प्रत्येक चिठ्ठी पाहून पुन्हा मडक्यात टाकली असती तर ०.४२ चा दहा वेळा गुणाकार करावा लागला असता आणि उत्तर सुमारे ५,९०० वेळांत एकदा असे आले असते. वस्ती लहान असल्याने हा फरक दिसतो. दोनशेऐवजी दोन लाख माणसे असती तर तो जाणवलाही नसता.

आठ हजारांत एकदा घडणारा योगायोग नेमका याच वस्तीत घडला असे मानण्यापेक्षा लस गुणकारी आहे असे मानणे अधिक शहाणपणाचे दिसते. येथे सामान्य पाठ्यपुस्तक थांबते आणि पुढच्या उदाहरणाकडे वळते. परंतु खरी अडचण येथेच सुरू होते.

मडक्यातील चिठ्ठ्या नीट ढवळलेल्या होत्या. वस्तीतील माणसे मात्र ढवळलेली नव्हती. पटकी माणसामाणसांतून चिठ्ठी काढीत नाही. ती पाण्यावाटे येते, आणि एका घरातली माणसे एकाच घागरीचे पाणी पितात. प्लेगचीही तीच कथा. १८९९ च्या बागबाजारातील ज्या घरात उंदीर मरून पडला, त्या घरात एक माणूस आजारी पडल्यावर दुसऱ्याची संभाव्यता शेजारच्या गल्लीतील माणसाइतकीच राहिली, असे कोणी म्हणणार नाही. ती कितीतरी वाढते. शिवाय लस घ्यावी की नाही हा निर्णयही पुष्कळदा घराचा असतो. कर्ता पुरुष तयार झाला की सारे घर हात पुढे करते, तो बिथरला की सारे घर दार लावून घेते.

हा विचार आकड्यांत उतरवून पाहण्यासारखा आहे. दहा रुग्ण दहा वेगवेगळ्या घरांतील नसून अवघ्या चार घरांतील होते, आणि त्या घरांनी लस घेण्या-न घेण्याचा निर्णय एकत्रच केला होता, असे समजा. मग योगायोगाला दहा वेळा नव्हे तर चारच वेळा अनुकूल पडावे लागले. ०.४२ चा चार वेळा गुणाकार ०.०३१ येतो, म्हणजे सुमारे ३२ वेळांत एकदा. घरे तीनच असतील तर तेरा-चौदा वेळांत एकदा. हा हिशेब ढोबळ आहे, कारण सर्व घरे सारख्या आकाराची नसतात. पण त्यातून दिसते ते पुरेसे आहे. रुग्ण तेवढेच, लस घेतलेले तेवढेच, मृत्यूही तेवढेच. तरी आठ हजारांत एक असणारा योगायोग बत्तिसांत एकावर उतरला. गुणाकारात कोठेही चूक नव्हती. चूक होती ती घटनांच्या स्वातंत्र्याविषयी काही न विचारता ते गृहीत धरण्यात.

दुसरी शंकाही तितकीच रास्त आहे. आपण होऊन लस घेणारा मनुष्य पाणी उकळून पिण्याइतका सावधही असू शकेल. मग त्याला वाचविले कोणी, लसीने की चुलीने? १९१५ साली मेजर ग्रीनवूड आणि उडनी यूल या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी पटकी व विषमज्वर यांच्या लसींचे आकडे तपासले तेव्हा त्यांनी नेमका हाच आग्रह धरला की तुलना करावयाच्या दोन गटांतील माणसे इतर सर्व बाबतींत सारखी आणि रोगाला सारखीच सामोरी गेलेली असली पाहिजेत.

सारखेपणा आणावयाचा कसा? उत्तर पुन्हा मडक्याकडेच नेते. लस कोणाला द्यावी हे माणसाच्या इच्छेवर न सोडता चिठ्ठीवर सोडावे. योगायोग हा ज्या प्रश्नात शत्रू वाटत होता त्यात तोच नोकर म्हणून कामाला लावावा. पिकांची मोजणी यदृच्छेने निवडलेल्या तुकड्यांवरून करण्याची पद्धत प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये रुजविली ती याच तत्त्वावर. त्यांनी १९३१ साली स्थापन केलेली भारतीय सांख्यिकी संस्था आज बागबाजाराच्या उत्तरेस, फार दूर नाही अशा बरानगर येथे आहे.

कांठालबागाननंतर ११२ वर्षांनी, २००६ साली, कोलकात्याच्याच वस्त्यांत तोंडावाटे द्यावयाच्या पटकीच्या लसीची चाचणी झाली. तीत सुमारे ६७,००० माणसे होती. परंतु चिठ्ठी माणसांची काढली नाही. एकत्र राहणाऱ्यांचे ३,९३३ गट पाडून गटांची काढली. एका गटातील सर्वांना लस किंवा सर्वांना तशीच दिसणारी निर्गुण मात्रा. एका घरातील माणसे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात हे मान्य करूनच हिशेबाची आखणी केली होती. दोन वर्षांत लस मिळालेल्या ३१,९३२ जणांत २० आणि न मिळालेल्या ३४,९६८ जणांत ६८ जणांना पटकी झाली. हजारी प्रमाण काढल्यास सुमारे ०.६ आणि १.९. कांठालबागानसारखा शून्य येथे नाही. पण या वीसांवर जितका भरवसा ठेवता येतो तितका त्या शून्यावर ठेवता येत नाही.

हाफकिनच्या चरित्रात याच गणिताचा दुसरा, अधिक कठोर प्रसंग आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरल्यावर तो तेथे गेला, प्लेगची लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून या लसीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांतील १९ जणांना धनुर्वात होऊन ते मरण पावले. त्या दिवशी पाच बाटल्या वापरल्या होत्या. हे १९ ही जण एकाच बाटलीतून लस घेतलेले होते. बाटलीचा क्रमांक ‘५३ एन’.

योगायोगाची शक्यता येथेही तपासून पाहता येते. १०७ चिठ्ठ्यांतून १९ काढावयाच्या आणि त्या साऱ्या त्या एका बाटलीच्याच १९ जणांच्या निघाव्यात. १९ भागिले १०७, गुणिले १८ भागिले १०६ असे करीत गेले तर तिसऱ्या पायरीलाच उत्तर अर्ध्या टक्क्याखाली जाते आणि अखेरीस दशांशचिन्हापुढे वीस शून्ये लिहावी लागतात. माणसांच्या स्वातंत्र्याविषयीचे सारे आक्षेप मान्य करूनही हा योगायोग नव्हे. दोष बाटलीतच होता.

पण बाटलीत तो शिरला केव्हा? परळला भरताना की मलकोवालला बूच काढताना? दोन्ही कल्पनांत सर्व रुग्ण त्याच बाटलीचे असणे सारखेच अपेक्षित आहे. जी खूण दोन्ही तर्कांतून सारख्याच संभाव्यतेने निघते ती त्यांच्यांत निवड करू शकत नाही. मग शून्ये वीस असोत की दोनशे. चौकशी मंडळाने दोष प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिनला पदावरून दूर व्हावे लागले. निवड करू शकेल असा पुरावा वेगळाच होता. परळलाच जंतू शिरले असते तर त्यांची वाढ होऊन बाटलीला दुर्गंधी यावयास हवी होती. ती उघडताना वास घेऊन पाहिला तेव्हा तशी दुर्गंधी नव्हती. शिवाय बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करता वापरला गेला होता. या गोष्टी कागदोपत्री असूनही त्यांचा अर्थ लावून घ्यावयास काही वर्षे गेली. १९०७ साली रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी हाफकिनची बाजू जाहीरपणे मांडली, आणि तो निर्दोष ठरला.

परळची जागा त्याला परत मिळाली नाही. तो कोलकात्याला गेला, आणि तेथील प्रयोगशाळेत निवृत्तीपर्यंत काम करीत राहिला. परळच्या संस्थेला त्याचे नाव देण्यात आले ते १९२५ साली.